वाचनालयातील एका टेबलासंबंधी

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यवाहांस व विश्वस्तांस खुले पत्र

मान्यवर कार्यवाह आणि विश्वस्त महाशय,

आपणांपैकी बहुतेकांशी माझा प्रत्यक्ष परिचय नाही. परंतु आपण चालवीत असलेल्या संस्थांचा मी आयुष्यभराचा ऋणाईत आहे, आणि ज्याचे ऋण घेतले त्याच्याच दारी पुन्हा काही मागावयास यावे हा वर्गणीदाराचा जुना हक्क आहे असे समजून हे पत्र लिहीत आहे. मागणे लहान आहे. प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात एक टेबल असे राखून ठेवावे, की ज्याच्याशी बसणाऱ्यास कोणत्या परीक्षेची तयारी चालली आहे, ती केव्हा आहे आणि उत्तीर्ण झाल्यावर पुढे काय, हे प्रश्न कोणी विचारू नयेत. आणि तेथे बसून जो मनुष्य स्वतःच्या इच्छेने व स्वतःच्या गतीने काही शिकत, टिपीत किंवा रचीत असेल, त्याला संस्थेच्या नियमांत थोडी सवलत आणि संस्थेच्या दप्तरात थोडी जागा मिळावी.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. तिकडे गोमंतकात पणजीचे ग्रंथालय तर १८३२ सालीच उघडले होते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची आहे. म्हणजे पदवी देणारी संस्था या प्रांतात अस्तित्वात येण्यापूर्वीच आपल्या गावांत वाचनाची जागा उभी राहिली होती, आणि त्या जागेत येऊन बसणाऱ्या पहिल्या पिढीपुढे अभ्यासक्रम, प्रमाणपत्र किंवा निकालाची तारीख असे काहीच नव्हते. काही जाणावे, जाणलेले इतरांस सांगावे, सांगता सांगता आपले आपल्यालाच ते अधिक स्पष्ट व्हावे, एवढ्याच प्रेरणेने ही मंडळी येत असली पाहिजेत. या संस्थांचा मूळ धर्म तोच आहे असे मी मानतो, आणि आज तो संकटात आहे असेही मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

गेल्या काही वर्षांत आपल्या वाचनालयांचे वाचनकक्ष एकामागून एक अभ्यासिकांत रूपांतरित झाले. यामागची कारणे मी जाणतो आणि त्यांना नावे ठेवणार नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून मुले पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत येतात, एका खोलीत पाच-सहा जण खाटा टाकून राहतात, आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी दिवसाचे बारा तास ज्या शांत खुर्चीची त्यांना गरज असते ती त्यांना वाचनालयाखेरीज कोण देणार? तालुक्याच्या गावीही हीच स्थिती आहे. शिवाय १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून मिळणारे अनुदान ज्या विलंबाने हाती पडते आणि तेवढ्यात सेवकांचे पगार, वीजबिल व ग्रंथखरेदी भागविताना आपली जी ओढाताण होते, ती पाहिली म्हणजे अभ्यासिकेच्या मासिक शुल्काचा आधार आपण का घेतला हे कोणाही समंजस माणसास उमजेल. त्या मुलांची एकही खुर्ची काढून घ्यावी असे माझे म्हणणे नाही. परंतु खुर्च्या त्यांना देताना बाकीच्यांसाठी काहीच उरू नये, अशी व्यवस्था ज्या ज्या ठिकाणी झाली आहे, त्या ठिकाणी संस्थेने स्वतःचाच एक अवयव गमावला आहे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. एका वाचनालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मोडी लिपी शिकण्यासाठी येत असत. घरच्या ट्रंकेत त्यांना जुन्या कागदांचे एक बासन सापडले होते. त्यात वाटणीपत्रे होती, पावत्या होत्या, आणि आणखी काय होते ते त्यांना वाचता येत नव्हते म्हणून ते येथे येऊन बसत. मोडीची गंमत आणि तिचा जाच ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगावयास नको: आधी पानभर शिरोरेघा आखून घ्यावयाच्या आणि मग हात शक्य तो न उचलता त्यांखाली अक्षरे लिहीत जावयाचे, त्यामुळे एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे लागला याचा पत्ता नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. हे गृहस्थ ट्रेसिंग कागदावर एकेक ओळ उतरवून घेत, ओळखता आलेल्या अक्षरांखाली पेन्सिलीने बाळबोध अक्षर लिहीत आणि न ओळखलेल्या जागी टिंब देऊन पुढे सरकत. कित्येक आठवड्यांत त्यांची एखादीच ओळ पुरी होई. पावसाळ्यात ते शेतीच्या कामासाठी गावी जात आणि दिवाळीनंतर परत येत, तेव्हा आधीचे बरेचसे विसरलेले असे. पण टिंबांच्या जागा मात्र वहीत जशाच्या तशा असत, आणि तेथूनच ते पुन्हा आरंभ करीत. एके दिवशी त्यांना कागदाच्या माथ्यावरचा काळ लागला. खमस अशर मयातैन व अलफ: पाच, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे शुहूर सन १२१५, म्हणजे इसवी सन १८१४-१५. मी शेजारीच बसलो होतो. त्यांनी ते गणित मला दोनदा करून दाखविले, मग उठून ग्रंथपालांना दाखविले, आणि मग पुन्हा जागेवर येऊन पुढच्या शब्दावर बोट ठेवले. आपल्या घराण्यातील कोणा माणसाच्या समक्ष, पेशवाई बुडण्याच्या तीन-चार वर्षे आधी, हा कागद झाला, हे ज्ञान त्यांना कोणी दिलेले नव्हते. त्यांनी ते स्वतः मिळविले होते.

पुढे त्या वाचनालयात नवी व्यवस्था आली. जागांना क्रमांक पडले, आणि जागा हवी असणाऱ्याने छापील अर्ज भरावा असे ठरले. अर्जात एक रकाना होता: कोणत्या परीक्षेची तयारी करीत आहात. गृहस्थांनी तो रकाना मोकळा सोडला, कारण त्यात लिहिण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते, आणि अपूर्ण भरलेला अर्ज म्हणून तो परत आला. कोणी त्यांच्याशी उद्धटपणे बोलले नाही, कोणी त्यांना जा म्हटले नाही. लिपिकाने नियम दाखविला आणि तेही काही न बोलता वही बगलेत मारून निघून गेले. त्यांच्यासारखा मनुष्य भांडत नाही. आपण जे करीत आहोत ते कोणत्याही रकान्यात बसत नाही, हे इतरांच्या आधी त्यानेच मान्य केलेले असते, आणि म्हणून त्याच्या बाजूने दुसऱ्या कोणी तरी बोलणे आवश्यक असते.

अशा अभ्यासाने काय निष्पन्न होते, असे कोणी विचारील. निष्पत्तीच्या मापाने ही गोष्ट मोजू नये असेच माझे मत आहे, कारण त्या गृहस्थांच्या वाटणीपत्रातून इतिहासाला काही न मिळाले तरी त्यांचे बसणे व्यर्थ ठरत नाही. पण व्यवहारी माणसाचा प्रश्न म्हणून त्याला व्यवहारी उत्तरही आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोलीजवळच्या मुरूडचे. शिक्षकाची नोकरी करता करता, आज या गावी तर उद्या त्या गावी बदलीवर जात, त्यांनी ज्योतिषाचे सिद्धांतग्रंथ स्वतः अभ्यासले, आणि १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा जो इतिहास मराठीत प्रसिद्ध झाला त्याचे पुढे भारत सरकारने इंग्रजी भाषांतर करविले, इतकी त्याची थोरवी होती. दोन वर्षांनी, अवघ्या पंचेचाळिशीत, ते वारले. एवढे काम कोणत्याही वेतनाच्या आशेने झाले असते असे मला वाटत नाही.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मी जे सांगू पाहतो त्याचे त्यांच्याइतके शुद्ध उदाहरण मला दुसरे आढळले नाही. डहाणूस जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. एस्सी. झालेले हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवीत होते, आणि शाळेच्या आधी, नंतर व मध्ये संख्यांशी खेळत होते. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक एकच नसावेत एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून, चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करीत जावे. वर उल्लेखिलेले १८२८ हेच वर्ष घेतले तर ८८२१ मधून १२८८ वजा जाता ७५३३ उरतात. ७५३३ मधून ३३५७ गेले की ४१७६. आणि ७६४१ मधून १४६७ गेले की ६१७४. यापुढे कितीही वेळा वजाबाकी करा, उत्तर ६१७४ हेच राहते. आणि आरंभ दुसऱ्या कोणत्याही संख्येने केला तरी फार तर सात पायऱ्यांत आपण येथेच येऊन पोहोचतो. १९४९ साली कापरेकरांनी शोधलेली ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. एका संख्याकुलाला त्यांनी रेल्वेच्या डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून डेम्लो हे नाव दिले, दुसऱ्याला देवळालीचे दिले. अशी ओळखीची दोन ठिकाणे त्यांच्या गणितात वस्तीस आली. त्यांच्या हयातीत देशातील प्रतिष्ठित गणितज्ञांपैकी अनेकांनी या साऱ्याला क्षुल्लक करमणूक मानले. आपले निष्कर्ष कापरेकर लहानसहान नियतकालिकांतून आणि स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध करीत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि त्यांना शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

या चरित्रातील कीर्तीचा भाग मला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. ते सदर लिहिले गेले नसते तरी कापरेकरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तेच केले असते जे आदल्या दिवशी केले होते. सवडीने केलेला अभ्यास म्हणजे शिथिल अभ्यास असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे, आणि तो मला सर्वथा अमान्य आहे. बाहेरचा तगादा नसताना जो मनुष्य वर्षानुवर्षे एका विषयाशी इमान राखतो त्याच्या ठायी असलेली शिस्त परीक्षेच्या भीतीने आलेल्या शिस्तीहून अधिक खोल असते. मुदतीने शिकणारा, मुदत संपताच, शिकलेले खाली ठेवतो. आपल्या गतीने शिकणाऱ्याला खाली ठेवण्याचे कारणच पडत नाही; चार महिने खंड पडला तरी तो परत येतो, कारण त्याचा विषय त्याची वाट पाहत असतो आणि उशीर झाला असे कोणी त्याला म्हणू शकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई टिळक विवाहानंतर पतीच्या हाताखाली अक्षरे शिकल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला त्या वेळी त्यांनी वयाची पासष्ट वर्षे ओलांडली होती. संसार, मुलेबाळे, आजारपणे, पाहुणेराहुणे यांतून उरलेला वेळ ज्यांच्या वाट्यास येतो, त्यांचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनीच होणार. दुपारी दोन ते चार या वेळात, घरची मंडळी जेवून निजली की, वाचनालयात येऊन बसणाऱ्या एखाद्या बाईंना आपण पाहिले असेल. आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आठवतील तशा त्या वहीत उतरवून ठेवीत असतात, किंवा स्वतःची कथा लिहीत असतात आणि कोणी जवळून गेले की पानावर हात ठेवतात. नेमक्या त्याच दोन तासांत कित्येक वाचनालये मधल्या सुट्टीसाठी बंद असतात. वेळापत्रक ठरविताना याचा विचार व्हावा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या वाचनकक्षात दुर्गाबाई भागवतांना वर्षानुवर्षे आपले वाचन करता आले. आयुष्याचा फार मोठा भाग कोणत्याही विद्यापीठाच्या आसनावाचून त्यांनी जी विद्या उभी केली तिच्यात त्या खोलीचा वाटा लहान नाही. अशी खोली मुंबईबाहेरच्या बाईच्या नशिबी का असू नये?

आणि ज्या मुलांसाठी अभ्यासिका उघडल्या त्यांचाही प्रश्न याच टेबलाशी येऊन थांबतो, हे मी आपल्या विशेष निदर्शनास आणू इच्छितो. त्यांपैकी फार थोड्यांची निवड होते, हे आपण दरवर्षी पाहता. उरलेले आणखी एक प्रयत्न, आणखी एक प्रयत्न करीत राहतात, आणि मग एके दिवशी वयाची मर्यादा उलटते, किंवा घरचे पैसे संपतात, आणि मुलगा आपला क्रमांक सोडून गावी जातो. त्याने पाच-सहा वर्षांत राज्यघटना वाचलेली असते, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र वाचलेले असते. त्याच्या वयाच्या पदवीधरांत इतके वाचलेली माणसे विरळा. पण ते सारे एका निकालासाठी वाचले होते आणि निकाल प्रतिकूल लागला, म्हणून पुस्तकाकडे पाहण्याचीच त्याला शिसारी येते. मला हे नुकसान फार मोठे वाटते, आणि त्याची नोंद कोठेही होत नाही म्हणून तर अधिकच दुःखद वाटते. त्या तरुणाला वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या संध्याकाळी वाचनालयात यावेसे वाटले, आपल्या तालुक्यातील जुन्या बंधाऱ्यांची माहिती गोळा करावी किंवा पेटी वाजवावयास शिकावी म्हणून स्वरलिपीचे पुस्तक चाळावे असे मनात आले, तर त्याला बसावयास अशी जागा हवी जेथे तो नापास झालेला उमेदवार नाही.

टेबलाबरोबर दोन गोष्टी आणखी हव्यात. एक म्हणजे मुदत. कादंबरी पंधरा दिवसांत परत यावी हे रास्त आहे, कारण दुसरा वाचक खोळंबलेला असतो. परंतु मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ पंधरा दिवसांत वाचण्याचे पुस्तक नव्हे, आणि पुष्कळ ठिकाणी ते संदर्भ विभागात असल्याने घरी मिळत तर नाहीच, पण टेबलाशी बसून वाचणाऱ्यालाही ते रोज कपाटातून मागावे लागते, रोज वहीत सही करावी लागते आणि रोज परत करावे लागते. ज्या पुस्तकाची दोन-दोन वर्षे देवघेव झालेली नाही, ते एखाद्या वाचकाने सहा महिने स्वतःपाशी ठेवले तर कोणाचे काय बिघडते? विलंबशुल्काच्या भीतीने किती अभ्यास अर्ध्यावर सुटले असतील याचा हिशेब मांडता येणार नाही. पण मागणी करणारा दुसरा वाचक येईपर्यंत मुदत आपोआप वाढावी, असा नियम करावयास कवडीचा खर्च नाही.

दुसरी गोष्ट दप्तराची. आपल्याकडे हस्तलिखित मासिकांची एक सुंदर परंपरा होती. शाळांतून, आळ्यांतून, लहान गावांतल्या मंडळांतून वळणदार अक्षरांत लिहिलेला, जलरंगांनी चित्रे काढलेला, एकच प्रत असलेला दिवाळी अंक निघे आणि तो हातोहात फिरून फाटून जाई. त्यांपैकी काही वाचनालयांच्या कपाटांत अजून आहेत. बहुतेक रद्दीत गेले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले, ते गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरून, पोटमाळ्यांवरून मिळविलेल्या खासगी कागदांच्या बळावर; ते कागद लिहिणाऱ्यांपैकी एकानेही आपण इतिहासासाठी लिहीत आहोत असे मानले नव्हते. आज एखादे गृहस्थ आपल्या टेकडीवरच्या पक्ष्यांची वर्षानुवर्षे टिपणे करीत असतील, एखाद्या बाईंची ओव्यांची वही असेल, एखाद्या सुताराने हत्यारांची नावे चित्रांसह उतरवून ठेवली असतील. या वह्या प्रकाशकाकडे जावयाच्या नाहीत आणि जाव्यात असेही नाही. लेखकाची इच्छा असेल तर त्यांची एक प्रत वाचनालयाने रीतसर दाखलनोंद करून, क्रमांक घालून, कपाटात ठेवावी. आपले लिखाण उभे राहण्याची एक जागा गावात आहे, आणि ते केव्हा पुरे करावे हे कोणी आपल्याला सांगणार नाही, एवढे कळले तरी पुष्कळ माणसे लिहू लागतील.

जागा नाही, पैसा नाही, सेवक कमी आहेत, या अडचणींचा मी विचार केला आहे. चार माणसांच्या टेबलाला जी जागा लागते ती बहुतेक इमारतींत वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांनी व्यापलेली मी पाहिली आहे. टेबल रिकामे राहील ही शंका मात्र खरी ठरण्याचा संभव आहे. पहिले काही महिने ते रिकामे राहीलही. जो वर्ग निमूटपणे निघून गेला तो बोलावल्याबरोबर परत येत नाही. त्या काळात ते टेबल अभ्यासिकेस जोडून टाकण्याचा मोह आपण टाळावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यास सोयीचे जावे म्हणून ठरावाचा मसुदा खाली देत आहे. त्यातील शब्द बदलण्यास माझी हरकत नाही.

“या संस्थेच्या वाचनकक्षात किमान चार आसनांचे एक टेबल परीक्षेखेरीज अन्य वाचन, लेखन व अभ्यास करणाऱ्यांसाठी विनाशुल्क राखून ठेवण्यात यावे, त्यासाठी भरून घ्यावयाच्या अर्जात नाव व पत्ता यांपलीकडे कोणतीही माहिती विचारू नये, अशा वाचकास हवा असलेला ग्रंथ अन्य वाचकाची मागणी येईपर्यंत बिनविलंबशुल्क वापरू द्यावा, स्थानिक व्यक्तींनी स्वखुशीने दिलेली हस्तलिखिते दाखल करून घेण्यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी, आणि ही व्यवस्था सर्वसाधारण सभेच्या मंजुरीवाचून रद्द करण्यात येऊ नये.”

आपला,
एक वर्गणीदार